बागेत झाड लावताय? आधी खड्ड्यात पाणी ओतून बघा

माझ्या बागेत जगलेल्या झाडांपेक्षा मेलेल्यांची यादी लांब आहे. त्यातली एक-दोनच किडीनं गेली असतील. बाकीची मी चुकीच्या जागी लावली म्हणून, नको तितकी खोल पुरली म्हणून किंवा मायेपोटी पाणी पाजून पाजून मारली. वाईट याचं वाटतं, की कारण समजायला दरवेळी दोन-तीन वर्षं लागली. झाड चुकीचं लावलं तर ते लगेच सांगत नाही. वर्षभर हिरवं राहतं, मग हळूहळू सुकायला लागतं, आणि आपण खताला दोष देत बसतो.

नव्यानं झाडं-झुडपं लावणाऱ्यांसाठी हा क्रम लिहिते आहे. फुलझाडांच्या कुंड्यांबद्दल इथे काही नाही. जमिनीत लावायच्या, वर्षानुवर्षं राहणाऱ्या खोडाच्या झाडांबद्दलच बोलू.

१. आधी जागा वाचा

रोपवाटिकेत जायचा मोह आठ दिवस आवरा. तेवढ्यात तीन गोष्टी बघून घ्या.

ऊन: सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकाच जागी उभं राहून ऊन कुठे पडतं ते कागदावर आखा. थेट ऊन सहा तासांहून जास्त मिळत असेल तर फुलणारी बहुतेक झाडं चालतील. तीन-चार तासच असेल तर कुंती, अनंत यांसारखी सावली थोडीफार सोसणारी झुडपं बघा. सूर्याचा मार्ग ऋतूनुसार सरकतो हे ध्यानात ठेवा. आज उन्हात असलेला कोपरा सहा महिन्यांनी भिंतीच्या सावलीत जाऊ शकतो.

वर आणि खाली काय आहे: वर तारा, खाली पाण्याची किंवा सांडपाण्याची नळी, बाजूला भिंत. याचा हिशेब पुढे लागणार आहे.

निचरा: माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी. जिथे झाड लावायचं तिथे ३० सेंटीमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या. पाण्यानं काठोकाठ भरा आणि जिरू द्या. मग पुन्हा भरा, त्यात एक काठी उभी रोवा, पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि तासाभरानं बघा. पातळी तासाला साधारण अडीच ते दहा सेंटीमीटर उतरत असेल तर उत्तम. त्याहून कमी म्हणजे पाणी तुंबणारी जमीन. जास्त म्हणजे ओल न धरणारी. आमच्याकडे एका कोपऱ्यात संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळी जसंच्या तसं होतं, वर दोन डास. तिथे मी आधी तीन वेळा डाळिंब लावलं होतं. तामण ओल्या जमिनीत तग धरतो, तो लावला आणि प्रश्न मिटला.

मातीचा पोत कळायला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर ओली माती तळहातावर वळा. वळीच होत नसेल तर रेताड. लांब वळी होऊन तिचं न तुटता कडं करता आलं तर चिकण. वळी होते पण वाकवताच तुटते, ती पोयट्याच्या, म्हणजे ना फार रेताड ना फार चिकण अशा मातीच्या, जवळची, आणि तुम्ही नशीबवान. मातीचा सामू (पीएच, म्हणजे ती किती आम्लधर्मी आहे) मात्र एकदा तपासून घ्या. इक्झोरा, अनंत, अझेलिया यांना आम्लधर्मी माती लागते. चुनखडीच्या जमिनीत त्यांची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असतं, पण झाडाला ते उचलता येत नाही. अशा जमिनीत ही झुडपं जगवण्यासाठी दर महिन्याला औषधं घालत बसण्यापेक्षा बोगनवेल लावा आणि सुखात राहा.

२. झाडं शोधायला पायी फिरा

रोपवाटिकेत सगळी रोपं हात-दोन हात उंचीची आणि ऐन बहरात असतात. तिथे झाड कळत नाही. ते कळतं पूर्ण वाढलेलं, उन्हाळ्यात उभं असलेलं बघितल्यावर. म्हणून वहीत वर्षाचे बारा महिने लिहा आणि फिरताना त्या त्या महिन्यात काय फुललंय, कोण निष्पर्ण आहे, कुणाखाली चिकट फळांचा सडा पडलाय याची नोंद करा. वर्षभर थांबायची तयारी नसेल तर निदान दोन ऋतू तरी बघा. फुलण्याचे महिने बघून झाडं निवडली तर बाग बाराही महिने काही ना काही दाखवत राहते. एकाच दिवशी जाऊन फुललेली रोपं उचलली तर सगळी बाग एकाच महिन्यात फुलते आणि उरलेलं वर्ष नुसता पाला.

ओळख न पटलेल्या झाडाचे फोटो काढताना फक्त फुलाचा काढू नका. पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, पान साधं आहे की चिंचेसारखं अनेक पर्णिकांचं, पान तोडल्यावर चीक येतो का, खोडाची साल कशी, शेंग की बोंड, हे सगळं टिपा. फूल महिनाभर असतं, साल आणि पान कायम. वनस्पती उद्यान जवळ असेल तर तिथल्या झाडांवरच्या पाट्या हा फुकटचा शिक्षक आहे.

जवळून बघायची सवय लागली की गमती कळतात. बोगनवेलीचं एक गुलाबी 'फूल' हातात घ्या. जे रंगीत, कागदासारखं आहे त्याला पानासारख्या शिरा दिसतील, कारण ती पानंच आहेत, रूप बदललेली. खरं फूल मधे असतं, पांढरट, काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढं. म्हणूनच तो रंग इतके आठवडे टिकतो. खरं फूल कधीच सुकून गेलेलं असतं.

३. शास्त्रीय नाव कळेपर्यंत पैसे देऊ नका

'चाफा द्या' म्हणून बघा. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला मोठा सदाहरित वृक्ष. देवळाजवळ दिसतो तो पांढरा चाफा म्हणजे प्लुमेरिया, कण्हेरीच्या कुळातला, पानं गाळणारा, तोडल्यावर चीक गाळणारा. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातलं आधार शोधत चढणारं झुडूप. नागचाफा वेगळ्याच कुळातला, अतिशय सावकाश वाढणारा. आणि भुईचाफा तर झाडही नाही; तो हळद-आल्याचा भाऊबंद, जमिनीतून उगवणारा. एका शब्दात पाच कुळं! अशोकाचंही तेच. लाल-केशरी गुच्छांचा सीताअशोक, साराका असोका, मागायला गेलेला माणूस उंच, सुळक्यासारखा आसुपालव घेऊन परत येतो, कारण बाजारात दोघांनाही अशोकच म्हणतात. तो माणूस मीच होते.

म्हणून शास्त्रीय नाव विचारा. दोन शब्दांची ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियसनं १७५३ मध्ये वनस्पतींसाठी पक्की केली. पहिला शब्द प्रजातीचा, आडनावासारखा. दुसरा त्या जातीचा. दुसरा शब्द पुष्कळदा झाडाचा स्वभावही सांगून टाकतो. 'नाना' असेल तर बुटकं, 'स्कँडेन्स' असेल तर चढणारं, 'हॉरिझोंटालिस' असेल तर आडवं पसरणारं, 'सेंपरव्हायरेन्स' असेल तर सदाहरित. रोपावर चिठ्ठी नसेल आणि विक्रेत्यालाही नाव सांगता येत नसेल, तर पान घरी आणून ओळख पटवा, मग जा.

४. ते मोठेपणी केवढं होईल?

गुलमोहराचं रोप पिशवीत फार लोभस दिसतं. पूर्ण वाढल्यावर त्याची छत्री उंचीपेक्षाही रुंद होऊ शकते, मुळं जमिनीच्या वरच्या थरात पसरतात आणि फरशा उचलतात. जागा लहान असेल आणि तोच रंग हवा असेल तर शंकासूर लावा. माणूसभर ते दीड-दोन माणूस उंचीचं झुडूप, फुलं त्याच धाटणीची.

अंतराचा माझा ठोकताळा असा: मोठा वृक्ष भिंतीपासून ८ ते १० मीटर, मध्यम झाड ५-६ मीटर, आणि झुडूप त्याच्या पूर्ण रुंदीच्या निम्म्याहून थोडं जास्त दूर. वड-पिंपळाच्या जातीचं कोणतंही झाड घराच्या आसपास नकोच. मुळं खोल जातात आणि फांद्यांच्या घेराखालीच राहतात, हा समज सोडून द्या. बहुतांश मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्येच असतात आणि आडवी घेराच्या पुष्कळ बाहेर जातात.

दोन सावधानता. घाणेरी, सुबाभूळ आणि पिचकारी, म्हणजे स्पॅथोडिया, ही तिन्ही निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, आययूसीएनच्या, जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहेत. तुमच्या कुंपणाबाहेर त्यांचं बी जाणारच. दुसरं, कण्हेर आणि बिट्टी दोन्ही मुळापासून बियांपर्यंत विषारी. लहान मुलं किंवा गुरं असतील तिथे लावू नका, आणि छाटलेल्या फांद्या जाळूही नका, धूरही बाधतो.

५. रोप निवडताना

उंच रोप घेऊ नका. हे कुणालाच पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. पण मोठ्या रोपाची मुळं पिशवीत कोंडलेली असतात आणि वरचा पसारा मोठा. जमिनीत गेल्यावर ते बराच काळ नुसतं टिकून राहायला धडपडतं. हात-दीड हात उंचीचं, जाड बुंध्याचं रोप काही वर्षांत त्याला गाठतं.

बघायचं ते असं: बुंधा हलवल्यावर मातीसकट हलला पाहिजे, मातीत सैल नको. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर येऊन जमिनीत घुसली असतील तर ठेवून द्या. पानांच्या खालची बाजू उलटून बघा, कीड तिथेच बसते. फुलांचा भार बघून भुलू नका.

कलम आहे की बियाचं, हेही विचारा. सोनचाफ्याचं बियाचं रोप फुलायला बरीच वर्षं घेतं, कलमाला वर्ष-दोन वर्षांतच फुलं लागतात. कलमाचा सांधा शोधा, बुंध्यावर गाठीसारखा दिसतो. तो कधीही मातीखाली जाता कामा नये, आणि त्याच्या खालून येणारे फुटवे दिसताक्षणी काढायचे. नाहीतर खालचं झाड वरच्याला गिळतं आणि तुम्ही वर्षानुवर्षं जंगली झाडाला पाणी घालता.

६. लावणी

लागणारं साहित्य: कुदळ किंवा टिकाव, फावडं, घमेलं, धारदार चाकू, सिकेटर (छाटणीची कात्री), लांब सपाट काठी, पाण्याची झारी किंवा नळी, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आच्छादनासाठी पाचोळा. आधाराची काठी आणि सुतळी हाताशी असू द्या. लागेलच असं नाही.

वेळ: जिथे पावसाळा ठळक असतो तिथे चांगले दोन-तीन पाऊस होऊन जमिनीला वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल ओसरून नुसती ओल राहिल्यावर. कडक थंडीच्या प्रदेशात पानगळी झाडं झोपेत असताना, जमीन गोठण्याआधी किंवा वितळल्यावर. दिवसाची वेळ संध्याकाळची, म्हणजे रोपाला रात्र मिळते.

खड्डा हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, दोन-तीन पट रुंद आणि हुंडीइतकाच खोल. खोल खणून परत मऊ माती भरली की ती पुढे दबते आणि झाड खाली बसतं. चिकण मातीत खड्ड्याच्या भिंती कुदळीनं गुळगुळीत होतात, त्या टोचून खडबडीत करा, नाहीतर मुळं कुंडीत असल्यासारखी आतच फिरत राहतात. याच कारणासाठी खड्डा नुसत्या खतानं भरू नका. निघालेलीच माती परत भरायची, फार तर चौथा हिस्सा कुजलेलं खत. बाकीचं वरून द्या. रासायनिक खत या दिवशी अजिबात नको.

आता पिशवी. ती पूर्ण काढायची. हे सांगायला लागतं, कारण तळ तेवढा फाडून रोप पुरणारे मी बघितलेत. माझी एक बकुळ तीन वर्षं गुडघ्याएवढीच राहिली. पानं हिरवी, पण वाढ म्हणून नाही. शेवटी एका वाऱ्यात ती कलली, आणि मी हातानं ओढली तर अलगद वर आली. मुळांचा आकार हुबेहूब पिशवीचा होता, तळाच्या घड्यांसकट. बोटाएवढं एक मूळ बुंध्याभोवती दीड वेढा घालून आवळत गेलं होतं, आणि त्यात काळ्या प्लॅस्टिकची एक चिंधी रुतली होती. पिशवी मी काढली होती, पण तिच्या आत गोल फिरलेली मुळं तशीच पुरली होती. तेव्हापासून हुंडी हातात आली की बाजूनं चार ठिकाणी चाकूनं वरून खाली चिरा देते, तळाची गुंडाळी कापून टाकते आणि बाहेरची मुळं बोटांनी मोकळी करते. क्रूर वाटतं, पण कापलेल्या टोकातून नवी मुळं बाहेरच्या दिशेनं फुटतात.

खोली हा दुसरा सापळा. खोड जिथे रुंद होऊन मुळांत उतरतं तो पसरट भाग जमिनीच्या वर दिसायला हवा. पिशवीतच त्यावर दोन-चार बोटं जादा माती असते. ती खरवडून तो भाग शोधा. खड्ड्यावर काठी आडवी ठेवा: तो भाग काठीच्या रेषेत किंवा बोटभर वर आला पाहिजे. खोडाची साल कायम ओल्या मातीत राहिली की कुजते, आणि ते कुजणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं खोड दिसलं की समजावं, खोल गेलंय.

माती भरताना पायानं तुडवू नका. निम्मी माती भरली की पाणी ओता, हवा निघून जाईल. मग उरलेली भरा. आळं हुंडीच्या कडेला करा, बुंध्याशी नको. त्यात ५ ते ८ सेंटीमीटर पाचोळा पसरा आणि बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. खोडाला टेकवून पाचोळ्याचा ढीग रचला तर खोल लावल्यासारखंच होतं.

आधाराची काठी झाड स्वतः उभं राहत असेल तर लावू नका. वाऱ्यानं हलण्यातूनच खोड जाड होतं. लावलीच तर खाली, सैल, आठच्या आकड्यासारख्या फाशानं बांधा, आणि वर्षभरात सोडा. सोडायला विसरलं की सुतळी सालीत रुतते.

७. पहिली दोन वर्षं पाणी

पहिला आठवडा रोज, मग दिवसाआड, मग आठवड्यातून एक-दोनदा, पण प्रत्येक वेळी भरपूर. रोज तांब्याभर पाणी म्हणजे वरची दोन बोटं माती ओली आणि मुळं तिथेच घुटमळणारी. पाणी घालायच्या आधी बोट खुपसा. दोन पेरांखाली ओल लागली तर परत जा.

नवख्यांना हमखास फसवणारी गोष्ट ही, की तहानलेलं झाड आणि पाण्यात गुदमरलेलं झाड दोन्ही सारखीच मान टाकतात. मुळांना हवा मिळाली नाही की ती पाणी उचलत नाहीत. आपण सुकलेली पानं बघतो आणि आणखी पाणी ओततो. बोट खुपसल्याशिवाय निर्णय नको.

पिवळी पानं जुनी, खालची असतील तर बहुधा नत्र कमी. नवी, शेंड्याची असतील तर लोह किंवा सामूचा प्रश्न. बोगनवेल नुसती पानं काढत असेल तर पाणी तोडा, खत बंद करा. तिला थोडं उपाशी ठेवलं की ती फुलते.

८. छाटणी

पहिल्या वर्षी फक्त मेलेलं, मोडलेलं आणि एकमेकांवर घासणारं काढा. पुढेही एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त हिरवं काढू नका.

कधी छाटायचं हे फूल कुठे येतं त्यावर. जास्वंद, मोगरा, गुलाब, बोगनवेल नव्या फुटीवर फुलतात, म्हणून बहर ओसरला की छाटा, मग फूट आणि फुलं दोन्ही येतात. अझेलिया, कॅमेलिया गेल्या हंगामाच्या फांदीवर कळ्या धरून बसतात. उशिरा छाटलं की वर्षाची फुलं गेली. पांढऱ्या चाफ्याला फुलं फांद्यांच्या टोकाला येतात, तो शक्यतो सोडूनच द्या.

जाड फांदी तीन कापांत काढा. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर खालून, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर वरून, म्हणजे फांदी साल ओरबाडत खाली येत नाही. तिसरा, उरलेल्या खुंटाचा, खोडाजवळ. पण खोडाला घासून नाही. फांदीच्या बुडाशी सुरकुतलेला फुगवटा असतो, तो शाबूत ठेवून त्याच्या लगत. अमेरिकन वनखात्यातले संशोधक ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून दाखवलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत उभारून ती बंद करतं. ती भिंत त्या फुगवट्यातून उभी राहते. डांबर किंवा रंग फासण्याची गरज नाही.

९. पुढची रोपं घरीच करा

बियांपासून: बहावा, गुलमोहर यांचं कवच दगडासारखं. एका कडेला पॉलिशपेपरवर घासून आतला फिका रंग दिसू द्या, रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं परत घासा. जांभूळ, आंबा, कडुनिंब यांचं उलट. त्यांचं बी साठवायचं नसतं. फळातून काढून लगेच पेरलं तरच भरवसा. 'पुढच्या वर्षी लावू' म्हणून डब्यात ठेवलेल्या निंबोळ्या म्हणजे नुसती टरफलं.

फाट्यांपासून: पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर काडी, खालचा काप डोळ्याच्या (जिथून फूट येते त्या गाठीच्या) खाली तिरका, वरचा सरळ. हे वर-खाली लक्षात राहण्यासाठीच; उलटी रोवलेली काडी फुटत नाही. पांढऱ्या चाफ्याची फांदी कापून आठवडाभर सावलीत सुकवून मगच लावा, ओला काप कुजतो.

गुटी कलम, म्हणजे झाडावर असतानाच फांदीला मुळं फोडणं, मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात रोप मरण्याची भीती फार कमी. जास्वंद, डाळिंब, लिंबू यांवर करून बघा. अंगठ्याहून बारीक फांदीवर सालीची अडीच सेंटीमीटरची अंगठी काढा आणि आतलं निसरडं आवरण चाकूनं खरवडा. ते राहिलं तर साल परत जुळते आणि मुळं फुटत नाहीत. भिजवून पिळलेलं शेवाळ (स्पॅगनम मॉस) मूठभर गुंडाळा, वर पारदर्शक प्लॅस्टिक, दोन्ही टोकं घट्ट. एक ते दोन महिन्यांत आतून पांढरी मुळं दिसतात. तेव्हाच कापू नका, ती तपकिरी होऊन फाटे फुटेपर्यंत थांबा. मग गुटीच्या खाली कापा, निम्मी पानं काढा, पिशवीत लावून महिनाभर सावलीत ठेवा. पहिल्या आठवड्यात पानं मान टाकतील. मुळाशी पाणी ओतू नका, पानांवर फवारा मारा.